जुनी वस्तू ऑनलाइन विकताना: खरेदीदाराची फसवणूक आणि पैशांचे वाद कसे टाळावेत, कसे लढावेत

खात्यात रक्कम दिसली की विकणाऱ्याला वाटते, व्यवहार संपला. फसवणारा खरेदीदार याच समजुतीवर जगतो. पैसे येणे आणि ते पैसे कुणालाही मागे घेता न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये कधी काही मिनिटे जातात, कधी सहा महिने. पेपाल या ऑनलाइन भरणा-सेवेवर खरेदीदाराला पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. कार्डाने केलेल्या खरेदीवर बँकेकडे तक्रार करायला बहुतेक प्रकारांत साधारण १२० दिवस मिळतात. तक्रार येते तेव्हा जाहिरात पुसली गेलेली असते, गप्पा उडवलेल्या असतात आणि कुरिअरची पावती कुठे ठेवली हे आठवत नाही. वाद हरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. विकणारा खरा असतो, पण त्याच्याकडे दाखवायला काही नसते.

त्यामुळे खालचे बरेचसे काम वाद होण्याच्या आधीचे आहे.

पैसे घेण्याची आणि माल देण्याची जोडी

माल देण्याचे मार्ग दोन: हातोहात किंवा पार्सलने. पैसे घेण्याचे प्रकार कितीही असले, तरी विकणाऱ्याने त्यांचे दोनच गट करावेत. एक, मागे खेचता येणारे पैसे: कार्ड, पेपालचे ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ (खरेदी-विक्रीसाठीचा प्रकार), विक्रीच्या संकेतस्थळामार्फत भरलेली रक्कम, चेक. दोन, सहसा मागे न जाणारे: रोख आणि पूर्ण झालेले खात्यातून खात्यात हस्तांतर. दुसऱ्या गटातले पैसेही चोरीच्या खात्यातून आले असतील तर गोठवले जाऊ शकतात, त्याबद्दल पुढे येईलच.

हातोहात द्यायचे असेल तर मागे न जाणारे पैसे घ्या. पार्सलने पाठवायचे असेल तर विक्रेत्याला संरक्षण देणारी भरणा-पद्धत आणि ट्रॅकिंग असलेले कुरिअर, दोन्ही हवेत. जोडी उलटी झाली की दार उघडे पडते.

उलट्या जोडीचे नेहमीचे उदाहरण असे. खरेदीदार भेटायला येतो, वस्तू पाहतो, जागेवर पेपालने किंवा कार्डाने पैसे भरतो, तुमच्या खात्यात रक्कम आलेली तुम्ही डोळ्यांनी बघता आणि तो माल घेऊन जातो. तीन आठवड्यांनी तक्रार येते, ‘वस्तू मिळालीच नाही’. अशा तक्रारीत विक्रेत्याकडून पोहोच झाल्याचा कुरिअरचा पुरावा मागतात. हातात दिलेल्या वस्तूचा तो कुठून असणार? पैसे परत जातात. म्हणून माल न्यायला घरी येणारा माणूस कार्डानेच भरायचा हट्ट धरत असेल, तर सौदा सोडलेला बरा.

पेपालच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने, म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवण्याच्या प्रकाराने, पैसे घेतले की खरेदीदाराला तक्रार करता येत नाही, असा सल्ला बरेच जण देतात. तो धोक्याचा आहे. पेपाल त्यावर खरेदीदाराला संरक्षण देत नाही हे खरे, पण विक्रेत्यालाही देत नाही. त्यामागे कार्ड असेल तर कार्डधारक बँकेकडे जाऊ शकतोच. शिवाय विक्रीसाठी ती पद्धत वापरणे नियमात बसत नाही, त्यामुळे तुमचे खातेच अडकू शकते.

चेक आणि ड्राफ्ट अनोळखी माणसाकडून घेऊच नका. बँक रक्कम काही दिवसांत वापरायला देते, पण चेक बनावट असल्याचे उघड व्हायला कधी कधी आठवडे लागतात. तेव्हा बँक ती रक्कम तुमच्याच खात्यातून वळती करते.

जाहिरात टाकण्याआधी

पहिले काम क्रमांकाचे. मोबाइलवर *#०६# डायल केले की फोनची ओळख पटवणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो, त्याचा फोटो घ्या. कॅमेरा असेल तर बॉडीचा आणि लेन्सचा क्रमांक वेगवेगळा असतो, दोन्ही टिपा. सायकलचा क्रमांक बहुधा पेडलच्या धुरीखाली फ्रेमवर कोरलेला असतो. हे क्रमांक पूर्ण दिसतील असे फोटो स्वतःजवळ ठेवा. जाहिरातीत मात्र शेवटचे चार-पाच अंक झाका, कारण पूर्ण क्रमांक मिळाला की तीच वस्तू आपली असल्याचा दावा कुणीही करू शकतो.

दुसरे काम खुणेचे. महागाची वस्तू विकली की कधी कधी खरेदीदार आपल्याकडचे त्याच मॉडेलचे बिघडलेले नग परत पाठवतो आणि पैसे मागतो. क्रमांक बाहेरून दिसत असेल तर हे पकडता येते, पण आतला सुटा भाग बदलला तर क्रमांक उपयोगी पडत नाही. त्यासाठी अतिनील पेनाने एक बारीक खूण बॅटरीच्या कप्प्यात, एक झाकणाच्या आतल्या बाजूला करा. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, अतिनील टॉर्चखाली चमकते. खुणेचा फोटो टॉर्च लावून एकदा आणि टॉर्चशिवाय एकदा घ्या. स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकला तरी चालतो. स्क्रू फिरला की तो थर फुटतो आणि वस्तू उघडली होती हे दिसते.

तिसरे काम दोषांचे, आणि इथेच प्रामाणिकपणाचा थेट फायदा मिळतो. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीत निर्णय देणारा माणूस तुमची वस्तू पाहत नाही, तुमचे शब्द पाहतो. ‘नव्यासारखा’, ‘उत्तम स्थिती’ हे शब्द तुम्हाला हरवतात, कारण एक चरा दाखवला की ते खोटे ठरतात. त्याऐवजी असे लिहा: ‘बॅटरी क्षमता ८१ टक्के. स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ४ मिलिमीटरचा चरा, फोटो क्रमांक ६ पाहा. मूळ चार्जर नाही. स्पीकर, दोन्ही कॅमेरे, बोटांचा ठसा तपासले, चालू आहेत.’ प्रत्येक दोषाचा जवळून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. दोष लिहिल्याने गिऱ्हाईक पळेल ही भीती वाटते, पण जो चऱ्यामुळे पळतो तोच उद्या चऱ्यामुळे तक्रार करणार असतो.

चौथे, एका सलग चित्रफितीत क्रमांक दाखवा, वस्तू सुरू करा, महत्त्वाच्या गोष्टी चालवून दाखवा. मध्ये थांबवून जोडलेल्या फितीला किंमत नसते. फोटो आणि फितींच्या मूळ फायली जपा, कारण गप्पांच्या अॅपवरून पाठवलेल्या प्रतींतून तारीख-वेळेची माहिती निघून जाते. जाहिरातीचे पूर्ण पानही पीडीएफ करून ठेवा. विक्री झाली की अनेक संकेतस्थळे ते पान काढून टाकतात आणि तुम्ही काय लिहिले होते हे तुम्हालाच सिद्ध करता येत नाही.

बोलणी चालू असताना

फसवणाऱ्याची खूण घाई नसते. घाई खऱ्या गिऱ्हाइकालाही असते, आणि चांगल्या माणसाला चोर समजून हाकलणे हेही नुकसानच. खरी खूण म्हणजे त्याला वस्तूत रस नसतो. किती वापरली, बिल आहे का, किंमत कमी होईल का, यातले तो काहीच विचारत नाही. त्याचे सगळे प्रश्न पैसे कसे पाठवायचे आणि माल कोण उचलणार याभोवती फिरतात. लगेच तो संकेतस्थळाच्या गप्पांतून बाहेर, दुसऱ्या अॅपवर यायला सांगतो. तिथे गेलात की संकेतस्थळाला तुमचे बोलणे दिसत नाही आणि वाद झाला तर ते तुमच्या बाजूने वापरताही येत नाही. बोलणे जिथे सुरू झाले तिथेच ठेवा.

पुढच्या मागण्या आल्या की बोलणे तिथेच थांबवा:

- ‘तुम्ही खरे विक्रेते आहात का ते तपासतो, आलेला सहा अंकी कोड सांगा.’ तो कोड तुमचे एखादे खाते ताब्यात घ्यायला किंवा तुमच्या क्रमांकावर नवे खाते उघडायला मागवलेला असतो.
- ‘हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे येतील.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे पाठवायला. विश्वास बसावा म्हणून आधी अगदी छोटी रक्कम खरोखर पाठवतात, आणि पुढच्या वेळी मागणी उलटी असते.
- ‘या दुव्यावर कार्डाची माहिती भरा, रक्कम जमा होईल.’ पान हुबेहूब त्या संकेतस्थळासारखे असते, पत्ता वेगळा असतो.
- ‘अडचण येतेय, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाका, मी करून देतो.’ दुरून दुसऱ्याचा फोन किंवा संगणक चालवू देणारी ही अॅप्स चांगली आहेत, पण अनोळखी माणसाला दिली की तुमचा फोन त्याच्या हातात.
- ‘एस्क्रोने करू, ही लिंक घ्या.’ एस्क्रो म्हणजे त्रयस्थाने पैसे धरून ठेवण्याची पद्धत मुळात चांगली, पण खोटी एस्क्रो संकेतस्थळे पुष्कळ आहेत. सेवा तुम्ही निवडायची आणि पत्ता स्वतः टंकायचा.

पैसे खरेच आले का?

स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. ‘व्यवहार यशस्वी’ असा पडदा दाखवणारी खोटी अॅप्स मिळतात, त्यांत नाव, रक्कम, वेळ सगळे हवे तसे भरता येते. बँकेचा वाटणारा संदेशही कुणाच्या तरी साध्या क्रमांकावरून आलेला असू शकतो. म्हणून सूचनेवर किंवा ईमेलमधल्या दुव्यावर बोट ठेवू नका. अॅप किंवा संकेतस्थळ स्वतः उघडा, व्यवहारांची यादी पाहा, रक्कम ‘प्रलंबित’ आहे की उपलब्ध, पाठवणाऱ्याचे नाव काय आणि व्यवहार क्रमांक काय हे वाचा.

एक ईमेल फार लोकांना फसवते: ‘रक्कम भरली आहे, पण ट्रॅकिंग क्रमांक दिल्यावरच ती सोडली जाईल.’ यात अडचण अशी की काही संकेतस्थळे नव्या विक्रेत्यांची रक्कम माल पोहोचेपर्यंत खरोखरच रोखून ठेवतात, त्यामुळे मजकूर खरा वाटतो. फरक एवढाच की खरी रोखलेली रक्कम तुमच्या खात्यात आत शिरल्यावर दिसते. आत काही नसेल तर ईमेल खोटी.

‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ किंवा ‘वरचे पैसे माझ्या वाहतूकवाल्याला द्या’ असे कुणी म्हणाले, तर वेगळी रक्कम वेगळ्या मार्गाने कधीही पाठवू नका. मूळ रक्कम बनावट चेकची किंवा चोरलेल्या कार्डाची असते, ती पुढे परत जाते. तुम्ही पाठवलेली मात्र गेलेलीच राहते. जास्त आले असतील तर पूर्ण व्यवहार मूळ मार्गानेच रद्द करा आणि नेमक्या रकमेने नव्याने करायला सांगा.

तिघांमधली फसवणूक

हा प्रकार सविस्तर समजून घ्या, कारण इथे खात्यात खरे पैसे येऊनही विकणारा अडकतो. फसवणारा तुमचे फोटो उचलतो आणि त्याच वस्तूची जाहिरात दुसरीकडे, कमी भावात टाकतो. तिथे एक तिसरा, निरपराध माणूस गिऱ्हाईक म्हणून मिळतो. इकडे फसवणारा तुमच्याशी सौदा ठरवतो, तुमचा खाते क्रमांक घेतो आणि तो त्या तिसऱ्याला देतो. तिसऱ्याचे पैसे थेट तुमच्याकडे येतात. फसवणारा येऊन माल घेऊन जातो. तिसऱ्याला काहीच मिळत नाही, तो तक्रार करतो, आणि त्याच्या हातात असलेले एकमेव नाव तुमचे असते. खाते गोठते, चौकशी तुमच्याकडे येते.

उपाय एका ओळीचा आहे: पैसे पाठवणाऱ्याचे नाव आणि माल घेणाऱ्याचे नाव एकच हवे. ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’, ‘ऑफिसमधून येतील’, ‘गाडीवाला येऊन घेऊन जाईल’ या तिन्हींना नकार द्या. पैसे पाठवताना व्यवहाराच्या टिपणीत वस्तूचे नाव लिहायला सांगा. तिसरा माणूस असेल तर त्याच्या टिपणीतले नाव किंवा किंमत जुळत नाही आणि तुम्हाला वेळेवर कळते. जाहिरातीतल्या एका फोटोत वस्तूशेजारी त्या दिवशीची तारीख आणि तुमचे वापरकर्ता-नाव लिहिलेला कागद ठेवला तर फोटो चोरून वापरणे अवघड होते.

हातोहात देताना

भेट वर्दळीच्या जागी, उजेडात. रोख मोठी असेल तर बँकेच्या शाखेत भेटणे सर्वांत सोयीचे, नोटा तिथेच तपासून भरता येतात. क्रम असा ठेवा: खरेदीदार वस्तू तपासतो, पैसे देतो, तुम्ही स्वतःच्या अॅपमध्ये किंवा मोजून खात्री करता, मग फोन-लॅपटॉप असेल तर त्याच्यासमोर खात्यातून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट करता, आणि शेवटी वस्तू देता. तपासणीत वस्तू नजरेआड जाऊ देऊ नका. सारख्या दिसणाऱ्या बंद नगाशी अदलाबदल करून ‘नको’ म्हणत परत देणे, हा काही सेकंदांचा खेळ आहे.

पावतीच्या दोन प्रती करा, एक त्याला. तीत वस्तू, मॉडेल, क्रमांक, रक्कम, पैसे कसे मिळाले, तारीख-वेळ, आणि हे वाक्य असू द्या: ‘वस्तू चालवून पाहिली, सांगितलेले दोष पाहिले, ताब्यात मिळाली.’ खाली त्याची सही आणि नाव. सही करायला काचकूच करणारा माणूस तुम्हाला काहीतरी सांगतो आहे.

पार्सलने पाठवताना

पत्ता व्यवहाराच्या नोंदीत आहे तोच, अक्षर न बदलता. ‘मी प्रवासात आहे, दुसऱ्या पत्त्यावर पाठवा’ हे ऐकून पत्ता बदलला की विक्रेता-संरक्षण जाते. पेपालच्या नियमात हे स्पष्टच आहे. खरेदीदाराला खरोखर दुसरा पत्ता हवा असेल तर पैसे परत करा, त्याने योग्य पत्त्याने पुन्हा भरावे. खरेदीदाराने पाठवलेले आगाऊ लेबल किंवा त्याचे कुरिअर वापरू नका. लेबल ज्याच्या खात्यातले, त्याला वाटेत पार्सल वळवता येते.

पॅकिंगची फीत सलग घ्या. फोन एका जागी टेकवून ठेवा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आधी रिकामा खोका आतून दाखवा. मग वस्तूचा क्रमांक कॅमेऱ्याजवळ नेऊन दोन-तीन सेकंद स्थिर धरा, धूसर अंक काही सिद्ध करत नाहीत. वस्तू सुरू होते हे दाखवा, गुंडाळा, खोक्यात ठेवा. चारी बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भराव हवा आणि खोका हलवला तर आत काही सरकता कामा नये. चिकटपट्टी लावून तिच्यावर आणि पुठ्ठ्यावर आडवी जाईल अशी सही करा. पट्टी काढून पुन्हा लावली तर सहीच्या रेघा जुळत नाहीत. शेवटी लेबल आणि वजनकाट्यावरचा आकडा त्याच फितीत.

वजनाला फार महत्त्व द्या. ‘खोका रिकामा होता’ या आरोपाला सर्वांत चांगले उत्तर म्हणजे कुरिअरच्या पावतीवरचे वजन, कारण ते तुम्ही नाही, त्रयस्थाने मोजलेले असते. म्हणून पार्सल पेटीत टाकून येऊ नका, खिडकीवर द्या, वजन करून घ्या, स्वीकृतीची पावती घ्या. ‘लेबल तयार झाले’ एवढीच नोंद माल पाठवल्याचा पुरावा होत नाही. पेपाल आणि ईबे हे विक्रीचे संकेतस्थळ, दोन्हींकडे ७५० अमेरिकी डॉलर किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात पोहोचीवर सही असल्याशिवाय संरक्षण मिळत नाही. त्याहून लहान व्यवहारातही किंमत तुम्हाला झोंबणारी असेल तर सहीची सेवा घ्याच. विमा वाटेतल्या नुकसानीसाठी असतो, खोट्या तक्रारीवर तो उपयोगी पडत नाही.

फोन पाठवण्याआधी खात्यातून बाहेर पडायला विसरू नका. काही विक्रेते तक्रारीची मुदत संपेपर्यंत मुद्दाम फोनवर आपल्या खात्याचे कुलूप ठेवतात. तसे केले की खरेदीदाराच्या हातात न चालणारा फोन पडतो आणि त्याची ‘वर्णनाप्रमाणे नाही’ ही तक्रार शंभर टक्के खरी ठरते.

तक्रार आली तर

आधी मुदत पाहा. ईबेवर विक्रेत्याला उत्तरासाठी तीन कामाचे दिवस मिळतात, आणि उत्तरच न दिल्याने हरलेले वाद सर्वांत जास्त वाईट वाटायला लावतात. मग तक्रारीचा प्रकार नीट वाचा, कारण प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

‘मिळाले नाही’ असेल तर पोहोचीची नोंद, तारीख, पत्ता, सही पुरेशी. बाकी गोष्टी जोडून उत्तर लांबवू नका. ‘व्यवहार मी केलाच नाही’ असेल तर नोंदीतल्या पत्त्यावर माल पाठवल्याचा पुरावा हाच आधार, आणि खरेदीदाराशी झालेले बोलणे जोडा. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हा सर्वांत अवघड प्रकार आहे. पेपालचे विक्रेता-संरक्षण पहिल्या दोन प्रकारांना लागू होते, याला होत नाही. ईबेवर ‘परत घेणार नाही’ असे लिहिले असले तरी या कारणाने आलेली वस्तू परत घ्यावीच लागते आणि परतीचा खर्चही विक्रेत्याकडे येतो. इथे जाहिरातीचे शब्द, दोषांचे फोटो आणि पॅकिंगची फीत हेच तुमचे बळ.

उत्तर एका पानाचे, रागाशिवाय, तारखांच्या क्रमाने लिहा. निर्णय देणाऱ्यापुढे अशी शेकडो प्रकरणे असतात, तो तुमची व्यथा नाही, जोडपत्र वाचतो. नमुना असा:

‘खरेदीदाराची तक्रार: स्क्रीनवर चरा आहे. जाहिरातीच्या तिसऱ्या ओळीत हा चरा मापासह नमूद आहे, जोडपत्र १. फोटो क्रमांक ६ मध्ये तो दिसतो, जोडपत्र २. खरेदीदाराने खरेदीआधी याच चऱ्याबद्दल विचारले होते आणि उत्तर स्वीकारले होते, जोडपत्र ३. पाठवताना वस्तू चालू होती, चित्रफीत, मिनिट २:१० ते २:४०, जोडपत्र ४. तक्रार फेटाळावी ही विनंती.’

चित्रफितीतला नेमका मिनिट लिहा, पूर्ण फीत कुणी बघत नाही. फीत चढवण्याची सोय नसेल तर तिच्यातली महत्त्वाची चित्रे काढून वेळेसकट द्या.

तक्रार उघडी असताना खरेदीदार म्हणेल, ‘अर्धे पैसे बँकेत पाठवा, मी तक्रार मागे घेतो.’ पाठवू नका. बाहेरून दिलेले पैसे त्या प्रकरणात मोजले जात नाहीत, तो दोन्हीकडून घेऊ शकतो. परतावा द्यायचाच ठरले तर त्याच व्यवहारातून, मूळ मार्गाने. ‘पैसे कमी करा नाहीतर वाईट अभिप्राय देतो’ ही धमकी असेल तर त्याने ती लिहूनच द्यावी असे बोला: ‘नक्की काय हवे ते इथे संदेशात लिहा.’ लिहिलेली धमकी बहुतेक संकेतस्थळांच्या नियमांविरुद्ध असते आणि अभिप्राय काढून घ्यायला उपयोगी पडते. ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी नकारात्मक अभिप्राय देता येत नाही, त्यामुळे उलट धमकी देऊन काही साधत नाही.

परत आलेला माल

पार्सल उघडण्याआधी फीत सुरू करा: लेबल, चिकटपट्टीची अवस्था, वजन, मग उघडणे, क्रमांक, अतिनील टॉर्चखाली खूण. वस्तू बदललेली दिसली तर परतावा देण्याआधीच संकेतस्थळाला कळवा. ईबेवर परतीचा माल पोहोचल्यावर दोन कामाच्या दिवसांतच पैसे द्यायचे असतात, त्यामुळे पार्सल आठवडाभर पडून राहू देणे परवडत नाही.

एक लबाडी अशी की खरेदीदार परतीच्या लेबलावरचा पत्ता खोडून तुमच्याच भागातल्या भलत्या पत्त्यावर रिकामे पाकीट पाठवतो. ट्रॅकिंगवर ‘पोहोचले’ दिसते, तुमच्याकडे काहीच येत नाही. अशा वेळी कुरिअरकडून पोहोचीचा नेमका पत्ता आणि पार्सलचे नोंदवलेले वजन लेखी मागा. दोन किलोची वस्तू पन्नास ग्रॅमच्या पाकिटात परत येत नाही.

चार्जबॅक

संकेतस्थळावर जिंकलेला वाद इथे पुन्हा सुरू होऊ शकतो. चार्जबॅक म्हणजे कार्डधारकाने आपल्या बँकेमार्फत पैसे मागे खेचणे. तो कार्ड देणाऱ्या बँकेकडे होतो, संकेतस्थळाचा निर्णय तिच्यावर बंधनकारक नसतो. कळवताना एक कारण-क्रमांक येतो. व्हिसाचा १०.४ म्हणजे कार्डधारक म्हणतो व्यवहार माझा नाही, १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, १३.३ म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष. उत्तर त्या क्रमांकाचेच द्या. १३.१ ला वस्तू किती छान होती हे सांगणारे पत्र निरुपयोगी. चार्जबॅक चालू असताना वेगळा परतावा देऊ नका, नाहीतर रक्कम दोनदा जाते.

पैसे गेलेच तर

पहिल्या तासाला मोल आहे. तत्काळ हस्तांतरातली रक्कम पुढच्या खात्यांत वेगाने हलते, म्हणून बँकेला लगेच फोन करून व्यवहार क्रमांक सांगा आणि समोरचे खाते गोठवायची विनंती नोंदवा, नोंद क्रमांक घ्या. मग पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार, मग संकेतस्थळाला. कोड सांगितला असेल, दुव्यावर माहिती भरली असेल किंवा फोनवर कुणाला प्रवेश दिला असेल तर ते अॅप काढा, सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, कार्ड बंद करा. फसवणाऱ्याशी बोलणे थांबवा, पण गप्पा पुसू नका.

पार्सल अजून वाटेत असेल तर कुरिअरला ते थांबवून परत पाठवायला सांगा. अनेक कंपन्या शुल्क घेऊन ते करतात आणि माल वाचतो.

काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असा कुणाचा तरी फोन किंवा संदेश येतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, तिथूनच तुमचा क्रमांक मिळालेला असतो. तो माणूस स्वतःला वकील म्हणवेल किंवा तपास अधिकारी, आणि काम सुरू करायला आगाऊ शुल्क मागेल. शुल्क भरू नका, आणि तो संदेश पोलिसांकडच्या तुमच्या तक्रारीला जोडून द्या.